मिरपूड एक, अहवाल दोन

दुकानात नुसतं बसायचं, एवढंच ठरलं होतं. विकायचं काही नाही. कुणी आलं तर ‘मालक आजारी आहेत, नंतर या’ म्हणायचं आणि संध्याकाळी शटर ओढून घरी यायचं. बायकोने नियमरावांना हे काम सांगितलं तेव्हा ती दवाखान्यात थोरल्या भावाच्या पायाशी बसली होती, आणि रडून रडून तिचे डोळे असे सुजले होते की नाही म्हणायची कुणाची छाती झाली नसती.

नियमराव हे त्यांचं खरं नाव नव्हे. विमा कचेरीत हेडक्लार्क असताना त्यांनी इतक्या लोकांना इतके नियम दाखवले की निरोपाच्या दिवशी कचेरीने त्यांना एक भिंतीवरचं घड्याळ दिलं आणि हे नाव कायमचं बहाल केलं. घड्याळ पुढे बंद पडलं. नाव चालू राहिलं.

बायकोचा भाऊ, म्हणजे दादा, मसाल्याचा दुकानदार. एकटा जीव. दुकानाच्या मागच्या खोलीत स्वतःची चक्की, आणि त्या चक्कीचा अभिमान इतका की गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानातून काही घेऊन आलं तर दादा त्याच्याकडे आजारी माणसाकडे बघावं तसे बघायचे. त्यांचं आणि नियमरावांचं लग्नापासून जमलं नव्हतं. दादांच्या मते हेडक्लार्क म्हणजे उभ्या आयुष्यात काहीही तयार न करता पेन्शनीत निघणारा प्राणी. नियमरावांच्या मते दुकानदार म्हणजे अद्याप न पकडला गेलेला माणूस. ही परस्परांविषयीची मतं दोघांनी चहाच्या कपाआड नीट झाकून ठेवली होती. मग दादांची उजवी बाजू एका सकाळी लुळी पडली, तोंड वाकडं झालं आणि दुकानाची किल्ली नियमरावांच्या खिशात आली.

आता रिकाम्या दुकानात नुसतं बसणं हे दिसतं तेवढं सोपं नसतं. समोर डबे, डब्यांवर नावं, आणि गिऱ्हाइकाला परत पाठवलं की त्याचा चेहरा पडतो. नियमरावांनी आधी कुणाला थोडी दालचिनी दिली. मग लवंग. मग त्यांना तराजू आवडू लागला. एका दुपारी एक सभ्य गृहस्थ येऊन म्हणाले, “मिरपूड मिळेल का?” तेव्हा ‘मालक आजारी आहेत’ हे वाक्य जिभेवर असताना नियमराव म्हणाले,

“मिळेल की! घरच्या चक्कीवरची आहे. एकदम शुद्ध.”

हे ‘एकदम शुद्ध’ त्यांना कुणी विचारलं नव्हतं. पण ते पुढे सरकारी कागदावर जसंच्या तसं आलं. कारण गृहस्थ अन्न निरीक्षक होते.

निरीक्षकांनी ओळखपत्र दाखवलं, शिपायाला आत बोलावलं, साक्षीदार म्हणून शेजारच्या शिंप्याला आणलं. दुसरा कुणी असता तर घामाघूम झाला असता. नियमराव खूश झाले. कितीतरी दिवसांनी आपल्या जातकुळीचा माणूस भेटला होता. त्यांनी निरीक्षकांना स्टूल दिलं आणि म्हणाले, “सगळं नियमाप्रमाणे होऊ द्या. अजिबात घाई करू नका.”

नियम असा, की मिरपूड नीट एकत्र ढवळायची, तिचे तीन सारखे भाग करायचे आणि तीन बाटल्यांत भरून लाखेचं सील लावायचं. एक बाटली जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत जाते, उरलेल्या दोन खात्याच्या कपाटात राहतात. कागदावर हे सोपं आहे. पण नियम करणाऱ्यांनी पंखा चालू असताना मिरपूड ढवळून पाहिलेली नव्हती. पहिली बाटली भरेपर्यंत शिपाई शिंकला. मग शिंपी. मग नियमराव. शेवटी स्वतः निरीक्षकांनी अशी एक शिंक दिली की हातातला कागद फाटला आणि दुसऱ्या बाटलीची निम्मी मिरपूड फळीवर सांडली. त्या फळीवर दिवसभर गिऱ्हाइकांच्या पिशव्या टेकत होत्या, आणि नुकतीच शिपायाने आपली सायकलवरून आणलेली बॅग तिथेच आपटली होती.

“दुसरी काढू का डब्यातून?” नियमरावांनी विचारलं.

“नाही नाही. नमुना एकदा घेतला की घेतला,” निरीक्षक नाक पुसत म्हणाले, आणि त्यांनी पोस्टकार्डाने फळीवरची मिरपूड खरवडून बाटलीत भरली.

नमुना एकदा घेतला की घेतला, हा नियम नियमरावांना पटला. ते गप्प बसले. मग सहीची वेळ आली.

“इथे विक्रेता म्हणून सही करा.”

“मी विक्रेता नाही. मी नुसता बसलोय.”

“मिरपूड कुणी विकली?”

“मी.”

“मग विक्रेता कोण?”

याच पद्धतीने नियमरावांनी कचेरीत भल्याभल्यांना निरुत्तर केलं होतं. त्यांनी कौतुकाने मान हलवली, सही केली, आणि वर निरीक्षकांना त्या कागदातली शुद्धलेखनाची एक चूकही दाखवून दिली.

पावसाळा जाऊन थंडी आली. दादा दवाखान्यातून नियमरावांच्याच घरी आले. बाहेरच्या खोलीत, जिथे नियमरावांची आरामखुर्ची होती, तिथे खाट पडली आणि खुर्ची गॅलरीत गेली. हाही एक अपमानच, पण तो सांगायचा कुणाला? तेवढ्यात अहवाल आला. जिल्ह्याच्या प्रयोगशाळेने लिहिलं होतं की मिरपुडीत पपईच्या बियांची भुकटी आहे. बाकी माती, कचरा वगैरे काही नाही, त्या बाबतीत माल उत्तम. दुकानाला टाळं लागलं, टाळ्यावर लाख लागली, मागच्या खोलीतल्या अख्ख्या मिरीच्या पोत्यासकट सगळं आत राहिलं, आणि समन्स आलं. आरोपी क्रमांक एक, नियमराव. आरोपी क्रमांक दोन, दुकानाचे मालक.

“मी एक नंबर?” नियमराव वकिलाला म्हणाले. “दुकान त्यांचं, चक्की त्यांची, मिरपूड त्यांची, आणि मी एक नंबर?”

“विकली कुणी?” वकिलाने विचारलं.

या प्रश्नाचं काय करायचं ते नियमरावांना आता कळत नव्हतं. दोषी ठरले तर तुरुंग होता. दंडावर सुटण्यासारखं हे प्रकरण नव्हतं.

सल्ल्यांना तोटा नव्हता. वरच्या मजल्यावरचे निवृत्त कंपाउंडर रोज पायऱ्या उतरून येत. त्यांनी पहिल्या दिवशी सांगितलं, “तुम्ही आजारी पडा. आजारी माणसाला तारीख मिळते.” दुसऱ्या खेपेला म्हणाले, “एवढंही आजारी पडू नका, रंग बघा तुमचा.” शिंपी म्हणाला की आपण साक्षीदार असलो तरी मनाने नियमरावांच्याच बाजूने आहोत, फक्त सरकारविरुद्ध बोलायला सांगू नये, आणि नियमरावांच्या बाजूनेही. सगळ्यात सरळ सल्ला वकिलाचा. तो घरी येऊन, खाटेवर दादा झोपलेले असताना, आवाज खाली आणून म्हणाला,

“सगळं दोन नंबरवर ढकलू. माल मालकाचा, मला काही ठाऊक नाही, एवढंच तुम्ही म्हणायचं. ते अंथरुणाला खिळलेत. त्यांना कोण उचलून तुरुंगात नेतंय?”

नियमरावांची बायको चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. तिने ट्रे टेबलावर ठेवला आणि आत गेली. त्या दिवशी ती घरात पुन्हा बोलली ती फक्त भावाशी.

खरं सांगायचं तर नियमरावांना वकिलाचं म्हणणं मनातून पटलं होतं. पपई घातलीच असेल तर ती दादांनीच घातली असणार. अद्याप न पकडला गेलेला माणूस अखेर पकडला गेला, यात त्यांना थोडं समाधानही होतं, फक्त सोबत आपणही पकडले गेलो हे त्यांना बोचत होतं. बायको बाजारात गेलेली बघून त्यांनी खुर्ची खाटेजवळ ओढली.

“दादा, आता आपलं आपल्यात. पपईच्या बिया कधीपासून घालत होता?”

दादांनी मान त्यांच्याकडे वळवली. त्यांचं बोलणं अडखळत, एका कोपऱ्यातून यायचं.

“भाऊजी... मी विचारणार होतो. तुम्ही... डब्यात... काय घातलंत?”

“मी?” नियमराव उभेच राहिले. “मी तुमच्या डब्यात पपई घातली?”

“माझ्यापाशी होता... तोवर... तो डबा शुद्ध होता.”

आयुष्यभर दुसऱ्याच्या टाचणीला हात न लावलेल्या माणसाला हे ऐकावं लागलं, आणि तेही स्वतःच्या घरात, आपल्या खुर्चीच्या जागी ठेवलेल्या खाटेवरून! नियमरावांनी चपला घातल्या. ते तडक वकिलाकडे गेले आणि म्हणाले, “दुसरी बाटली मध्यवर्ती प्रयोगशाळेत पाठवा. तपासू द्या मोठ्यांना.”

“विचार करा,” वकील म्हणाला. “तसा हक्क आहे तुम्हाला. पण तिचा अहवाल आला की पहिला रद्द होतो. तिने आणखी वाईट लिहिलं तर?”

“शुद्ध म्हणून मी सांगितलंय. शुद्धच निघेल.”

कंपाउंडर म्हणाले, “कशाला डिवचता? बाटली कपाटात पडून राहू द्या. साहेब बदलतात, कपाटं बदलतात, बाटल्याही हरवतात.” पण नियमरावांना सुटायचं नव्हतं. त्यांना निर्दोष व्हायचं होतं. या दोन गोष्टींत फरक आहे, तो त्यांनी कंपाउंडरांना समजावून सांगितला, आणि कंपाउंडर जिना चढताना स्वतःशीच हसले.

दुसरा अहवाल आला तेव्हा नियमरावांनी तो उभ्याउभ्याच वाचायला घेतला. “पपई नाही!” ते ओरडले. “अगं, ऐकलंस का? पपईच्या बियांचा अंशही नाही, असं लिहिलंय!” बायको ओल्या हातांनी धावत आली. खाटेवर दादांचा अर्धा चेहरा हसला, आणि त्यांनी डावा हात वर केला. नियमरावांनी तो हातात घेतला. लग्नापासून पहिल्यांदाच. खोलीत क्षणभर असं वाटलं की आता खुर्चीसुद्धा जागेवर येईल.

मग नियमरावांनी पान उलटलं.

मध्यवर्ती प्रयोगशाळेला पपई सापडली नव्हती, पण वाळू सापडली होती. वाळू आणि धूळ, ठरलेल्या प्रमाणाच्या कितीतरी वर. जिल्ह्याच्या प्रयोगशाळेने जिथे माल उत्तम म्हटलं होतं, तिथे हिने माल खाण्यास अयोग्य म्हटलं होतं. पहिलीने जे पाहिलं ते दुसरीला दिसलं नाही, आणि दुसरीला जे दिसलं ते पहिलीने पाहिलं नव्हतं. दोघींचं एकमत फक्त एका गोष्टीवर होतं, की आरोपींनी भेसळ केली.

“वाळू?” दादा म्हणाले. “माझ्या... चक्कीत?”

पपईचा आरोप त्यांनी कसाबसा सोसला होता. लबाडीचा आरोप कुणावरही होतो, आणि लबाड ठरायलाही थोडी अक्कल लागते. पण वाळू म्हणजे गलिच्छपणा, आणि चक्की दादा रोज स्वतःच्या हाताने ब्रशने झाडायचे. त्यांना धीर द्यावा म्हणून नियमराव घाईघाईने सांगू लागले. वाळू चक्कीतली नाही. पंखा चालू होता. निरीक्षक शिंकले. मिरपूड फळीवर सांडली, ती त्यांनी पोस्टकार्डाने खरवडून भरली. वाळू त्या शिपायाच्या बॅगेची.

दादांनी सगळं ऐकून घेतलं.

“तुम्ही... भरू दिलीत?”

“नमुना एकदा घेतला की—”

“माझ्या मिरपुडीत... फळीवरची घाण... भरू दिलीत?”

नियमरावांना या प्रश्नाला लागू पडेल असा एकही नियम आठवेना. दादांनी आपला डावा हात सोडवून घेतला आणि मान भिंतीकडे वळवली. त्यानंतर ते नियमरावांशी बोलले नाहीत. औषध दिलं तर घेत, उठवून बसवलं तर बसत, पण बोलले नाहीत. आंब्यांचे दिवस संपता संपता दुसरा झटका आला आणि दवाखान्यात नेल्यावर ते गेले. त्या दिवशी नेमकी कोर्टाची तारीख होती. दवाखान्यातून नियमराव तसेच कोर्टात गेले, आणि तिथे कारकुनाने फायलीवर लिहिलं, ‘आरोपी क्रमांक दोन मयत. त्यांच्यापुरता खटला संपला.’ नियमरावांनी स्वतः अशी कितीतरी वाक्यं लिहिली होती. वाचायला ती अशी लागतात, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

खाट परत गेली. खुर्ची बाहेरच्या खोलीत आली. नियमराव तिच्यात बसत नसत.

खटला मात्र चालू राहिला. न्यायाधीश बदलले, सरकारी वकील बदलला. नव्या सरकारी वकिलाचं म्हणणं असं, की पपई असो वा वाळू, दोन्ही मिरी नव्हे हे नक्की, तेव्हा आरोपी दोन्ही बाजूंनी दोषी. निरीक्षक पिंजऱ्यात उभे राहिले आणि शपथेवर म्हणाले की आपण शिंकलो नव्हतो. नमुना घेताना आपण कधीच शिंकत नाही.

“मिरपूड सांडली होती?”

“आठवत नाही.”

मग शिंपी आला. तो घरून निघताना काय सांगायचं ते पक्कं करून निघाला असावा, पण पिंजऱ्यात चढल्यावर त्याने आधी निरीक्षकांकडे पाहिलं.

“साहेब शिंकले का?” वकिलाने विचारलं.

“सगळेच शिंकत होते.”

“निरीक्षकसाहेबसुद्धा?”

“ते सांगता येणार नाही. त्या वेळी मी शिंकत होतो. डोळे मिटलेले होते.”

मागच्या बाकावर कुणीतरी हसलं. नियमरावांची बायको भिंतीशी बसली होती, ती हसली नाही. दादा गेल्यापासून ती प्रत्येक तारखेला यायची, त्याच जागी बसायची, आणि नियमरावांकडे न बघता समोर बघत राहायची. ती कशासाठी येते ते तिने सांगितलं नव्हतं. नियमरावांना ते कळलं होतं.

आरोपीचा जबाब द्यायच्या आधी वकिलाने त्यांना व्हरांड्यात खांबाआड घेतलं. “आता तरी ऐका. मेहुणे गेले. गेलेल्या माणसाला ना तुरुंग, ना अब्रू. म्हणा, माल त्यांचा होता, त्यांनी काय मिसळलं ते मला माहीत नाही. आणि हे काही खोटं नाही.”

खरंच खोटं नव्हतं. नियमराव ‘बरं’ म्हणाले आणि आत गेले.

“ही मिरपूड कुणाची?” न्यायाधीशांनी विचारलं.

नियमरावांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. “मी विकली,” ते म्हणाले. “दुकानात मी होतो. शुद्ध आहे, असं मीच म्हणालो. मालकाची मिरपूड चक्कीतून निघाली तेव्हा स्वच्छ होती. ती घाण झाली ती माझ्यासमोर, आणि मी स्टूलावर बसून बघत होतो.”

वकिलाने कपाळाला हात लावला. सरकारी वकिलाने भराभर लिहून घेतलं. पण न्यायाधीश दोन अहवाल शेजारी शेजारी ठेवून बघत होते, आणि त्यांना नियमरावांच्या चारित्र्याशी काही देणंघेणं नव्हतं. निकाल त्यांनी थोडक्यात सांगितला. पहिला अहवाल रद्द झाला असला तरी एकाच डब्यातल्या, एकाच वेळी घेतलेल्या दोन भागांत इतका फरक पडतो, याचा अर्थ नमुना नीट ढवळून सारखा घेतलेला दिसत नाही. अशा नमुन्यावर कुणाला शिक्षा देता येत नाही. संशयाचा फायदा देऊन आरोपीला सोडण्यात येत आहे.

“साहेब,” नियमराव उभेच होते, “म्हणजे मिरपूड शुद्ध होती का?”

“तुम्ही सुटलात.”

“ते कळलं. पण मिरपूड?”

“तो प्रश्न आता कोर्टापुढे नाही.”

“मग कुणापुढे आहे?”

वकिलाने त्यांची बाही धरली आणि हसत हसत, दात आवळून, त्यांना ओढत बाहेर नेलं. सुटलेल्या माणसाने निकालाविरुद्ध अपील करता येईल का असं विचारलेलं त्याने आयुष्यात ऐकलं नव्हतं, आणि नियमरावांनी ते जिन्यातच विचारलं.

कंपाउंडर घराच्या फाटकात उभे होते. त्यांनी दोन्ही हातांनी नियमरावांचा हात दाबला. “मानलं तुम्हाला! पपई पचवली, वाळू पचवली. वकिलाचा पत्ता देऊन ठेवा, माझ्या साडूची एक भानगड आहे.” नियमराव हात सोडवून घरात शिरले.

दुकानाचं सील काढायला बायको स्वतः गेली. ते दुकान आता तिचं होतं. ती परत आली तेव्हा तिच्या हातात रुमालाची एक छोटी पुरचुंडी होती. ती स्वयंपाकघरात गेली. पाण्याचा नळ वाजला, मग बंद झाला, आणि मग फार वेळ काहीच आवाज आला नाही, म्हणून नियमराव उठून बघायला गेले.

ओट्यावर पातेल्यात पाणी होतं, आणि त्यात तिने पोत्यातली मूठभर अख्खी मिरी टाकली होती.

“शिंपी म्हणाला, मिरी बुडते,” ती म्हणाली. “पपईचं बी वर तरंगतं.”

नियमरावांनी वाकून पाहिलं. बहुतेक दाणे तळाला गेले होते. काही वर तरंगत होते. फार नव्हते, पण होते. काळे, सुरकुतलेले, मिरीसारखे.

“पोकळ मिरीसुद्धा तरंगते,” ते म्हणाले.

“कुणी सांगितलं?”

कुणीच सांगितलं नव्हतं. त्यांनी बोट बुडवून एक तरंगता दाणा उचलला आणि तोंडात टाकून चावला. ती त्यांच्या तोंडाकडे बघत होती. कोर्टात ती एवढे दिवस समोर बघत होती, ती आता त्यांच्याकडे बघत होती. दाणा कडवट लागला. तिखट होता का? थोडा असावा. रक्तदाबाच्या गोळ्यांनी त्यांच्या जिभेची चव कधीच गेली होती, त्यामुळे त्यांना खरोखरच काही सांगता येत नव्हतं.

“मिरीच आहे,” ते म्हणाले.

तिने पातेल्यातून दुसरा दाणा काढला आणि त्यांच्या तळहातावर ठेवला. “हा बघा.”

त्यांनी तो चावला. “मिरीच.”

“आणि हा?”

हा मात्र खरोखर तिखट निघाला. त्यांना ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं, नाक वाहू लागलं. त्यांनी हातानेच थांब म्हणून खूण केली, घोटभर पाणी प्यायले, स्टूल ओढून ओट्याशी बसले आणि पुन्हा हात पुढे केला. वर एकही दाणा उरेनासा होईपर्यंत ती एकेक देत गेली. ते एकेक चावत गेले. प्रत्येक वेळी, ठसका आवरत, ते तेच एक सांगत राहिले.